परदेशातून आणलेला कन्सोल आणि दुसऱ्या रीजनचे गेम्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यातलं किंवा मित्रांतलं कोणी परदेशातून यायचं ठरलं की मला पहिला मेसेज हाच येतो, "तिकडून कन्सोल मागवला तर इथे चालेल का?" आणि मला दरवेळी सांगावं लागतं की बाबा हा एक प्रश्न नाहीये, यात पाच प्रश्न आहेत. वीज जमेल का, टीव्हीवर चित्र दिसेल का, रीजन लॉक आडवं येईल का, भाषा कळेल का आणि ऑनलाइन अकाउंटचं काय. हे पाचही एकमेकांपासून सुटे आहेत. एखाद्या कन्सोलला लॉक अजिबात नसतं पण तो विजेला नाजूक असतो, दुसऱ्याला कुठलीही वीज चालते पण डिस्क दुसऱ्या देशाची घातली की तो घेतच नाही. म्हणून खालची उत्तरं वाचताना आपला कन्सोल यातल्या कुठल्या प्रश्नात अडकतोय तेवढं बघा, बाकीचं सोडून दिलं तरी चालेल.

रीजन लॉक म्हणजे नक्की काय असतं?

एका भागात विकलेला गेम दुसऱ्या भागातल्या कन्सोलवर चालू नये म्हणून केलेली सोय. ढोबळ तीन भाग मानले जायचे : जपान आणि आजूबाजूचा आशिया, अमेरिका, आणि युरोप-ऑस्ट्रेलिया वगैरे. लॉक करायचे प्रकार मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे प्लास्टिकचा. अमेरिकन सुपर निन्टेंडोच्या खाचेत आत दोन छोटे प्लास्टिकचे दात आहेत, त्याच मशीनच्या जपानी अवताराची, म्हणजे सुपर फॅमिकॉमची कार्ट्रिज (गेमची प्लास्टिकची डबी) त्या दातांवर अडते आणि आत जात नाही, बस्स इतकंच, आतलं इलेक्ट्रॉनिक्स दोन्हीकडे सारखं आहे. ते दात पकडीने काढून टाकले की जपानी गेम सुरू. निन्टेंडो ६४ चं पण तसंच, अमेरिकन आणि जपानी कार्ट्रिजमध्ये मागच्या प्लास्टिकचा फरक. पण युरोपच्या मशीनमध्ये लॉकची चिपच वेगळी आहे, तिथे पकड घेऊन काही होत नाही.

ती चिप म्हणजे दुसरा प्रकार. १९८५ मध्ये अमेरिकेत निन्टेंडोचा एनईएस (जपानमध्ये याचंच नाव फॅमिकॉम) आला तेव्हा एक चिप कन्सोलमध्ये आणि तिची जोडीदार कार्ट्रिजमध्ये बसवली होती, दोघी एकमेकींशी सतत बोलत राहतात, आणि जुळलं नाही की कन्सोल दर सेकंदाला रीसेट होतो. तो लाल दिवा लुकलुकताना ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये. बऱ्याचदा ते धुळीमुळे आणि ढिल्या पडलेल्या पिनांमुळे पण होतं, त्यामुळे दिवा लुकलुकला की लगेच "रीजनचा प्रॉब्लेम" असं धरू नका.

तिसरा प्रकार डिस्कचा, आणि मला सगळ्यात सुंदर वाटतो तो पहिल्या प्लेस्टेशनचा. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ट्रॅक किंचित डुलत्या रेषेत कोरलेला असतो आणि त्या डुलण्यातच चार अक्षरं लपवलेली असतात, जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. कन्सोल ती अक्षरं वाचतो, आपल्या देशाची नसली तर गेम सुरूच करत नाही. साध्या सीडी रायटरला असा डुलता ट्रॅक लिहिता येत नाही, म्हणजे एकाच युक्तीत रीजन लॉक पण झालं आणि कॉपीला आळा पण बसला.

पण कंपन्यांनी असं का केलं?

कारण एकच गेम वेगवेगळ्या देशात वेगवेगळ्या वेळी, वेगळ्या किमतीला आणि बऱ्याचदा वेगळ्या प्रकाशकाकडून यायचा. जपानमध्ये आलेला गेम अमेरिकेत सहा महिन्यांनी आणि युरोपात वर्षभराने, हे अगदी नेहमीचं होतं. सोनीच्या हातात धरून खेळायच्या पीएसपीचंच बघा, जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आला आणि युरोपात सप्टेंबर २००५ मध्ये, मधल्या काळात लोक थांबणार थोडेच, सगळ्यांनी हाँगकाँगहून मागवायला सुरुवात केली. लिक-सांग नावाचं तिथलं मोठं ऑनलाइन दुकान होतं, सोनीने त्यांच्यावर ब्रिटनच्या कोर्टात केस केली आणि २००६ मध्ये ते दुकान बंद झालं. पीएसपीच्या गेम्सना तर रीजन लॉक नव्हतंच, नुसत्या विक्रीवरून एवढं सगळं झालं. मला अजून त्या दुकानाबद्दल वाईट वाटतं.

माझ्या कन्सोलला लॉक आहे का?

हाताने धरून खेळायच्या मशीनपासून सुरू करतो कारण तिथे बहुतेक आनंदच आहे. गेम बॉय, गेम बॉय कलर, गेम बॉय अॅडव्हान्स या तिघांना लॉक नाही, जगातली कुठलीही कार्ट्रिज घाला. डीएसला पण नाही. डीएसआयपासून मात्र घोळ सुरू होतो, साधे डीएसचे गेम्स त्यावर चालतात पण खास डीएसआयसाठी बनवलेल्या गेम्सना लॉक आहे. आणि ३डीएसला तर पक्कं लॉक आहे, जपानी ३डीएसवर अमेरिकन कार्ट्रिज घातली तर चालणार नाही, यात खूप जणांचे पैसे गेलेत. पीएसपी आणि व्हीटा गेम्सपुरते मोकळे.

घरच्या कन्सोलमध्ये निन्टेंडोचा गेमक्यूब, वी आणि वी यू तिघेही लॉक केलेले. २०१७ चा स्विच मोकळा, म्हणजे कार्ट्रिज कुठलीही चालते. सोनीचा पीएस१ आणि पीएस२ लॉक, पीएस३ मोकळा (२०१२ चा पर्सोना ४ अरीना हा अपवाद, त्याला प्रकाशकाने लॉक टाकलं होतं), पण लक्षात ठेवा की पीएस३ वर जुनी पीएस१ किंवा पीएस२ ची डिस्क घातली की तिथे पुन्हा रीजन तपासलं जातं. पीएस४, पीएस५ मोकळे.

एक्सबॉक्सचं : पहिला लॉक, ३६० मध्ये ते प्रकाशकावर सोडलेलं त्यामुळे प्रत्येक गेमचं वेगळं शोधावं लागतं, एक्सबॉक्स वनला आधी लॉक ठेवणार होते पण लोकांनी इतका आरडाओरडा केला की जून २०१३ मध्ये, म्हणजे बाजारात यायच्या आधीच, त्यांनी माघार घेतली. तेव्हापासूनचे सगळे मोकळे.

सेगाचे सॅटर्न आणि ड्रीमकास्ट लॉक. सॅटर्नसाठी मात्र अॅक्शन रीप्लेची कार्ट्रिज मिळते, ती मागच्या खाचेत लावली की लॉक बाजूला होतं आणि जादा रॅम पण मिळते, काही जपानी फायटिंग गेम्सना ती रॅम लागतेच. मेगा ड्राइव्हमध्ये कार्ट्रिजचा आकार वेगळा आहे आणि नंतर नंतरचे काही गेम्स स्वतःच कन्सोलचा देश तपासतात, म्हणजे जुने चालतात आणि नवे "हा गेम या मशीनसाठी नाही" अशा अर्थाचा मेसेज दाखवून थांबतात. निओ जिओच्या घरगुती मशीनचं तर फारच छान आहे, कार्ट्रिज तीच, कन्सोल जपानी असेल तर गेम जपानीत आणि अमेरिकन असेल तर इंग्रजीत दिसतो.

पिनचा आकार बदलणारा छोटा कन्व्हर्टर लावला की झालं ना?

नाही! हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. तो कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. जपानमध्ये भिंतीतून १०० व्होल्ट येतात, अमेरिकेत १२०, आणि बाकीच्या बऱ्याच जगात २२० ते २४०. शंभरासाठी बनवलेल्या वस्तूला तुम्ही दुप्पटीहून जास्त देताय.

माझ्या हातून हे झालंय. पहिला सुपर फॅमिकॉम आला तेव्हा विकणाऱ्याने सोबत असाच एक पिन कन्व्हर्टर दिला होता आणि "सगळीकडे चालतो" म्हणून सांगितलं होतं. मी तो लावला, अॅडॅप्टरमधून बारीक गुणगुण यायला लागली, मला वाटलं जुना आहे म्हणून असेल. अर्ध्या मिनिटात हात लावला तर चटका बसला आणि वार्निश जळाल्यासारखा वास खोलीभर पसरला. प्लग ओढला पण उशीर झाला होता. नंतर अॅडॅप्टर उघडून बघितला तर आतल्या गुंडाळीवरचा कागद तपकिरी होऊन कुरकुरीत झालेला. कन्सोल वाचला, कारण अॅडॅप्टर आधी गेला. ज्यांच्या कन्सोलमध्ये वीजपुरवठा आतच असतो, जाडा पीएस२ किंवा सॅटर्न, त्यांचं नशीब इतकं चांगलं नसतं.

म्हणून आधी लेबल वाचा. अॅडॅप्टरवर किंवा कन्सोलच्या पाठीवर इनपुट लिहिलेलं असतं. "१००-२४० व्होल्ट" असं असेल तर बिनधास्त, फक्त पिनचा कन्व्हर्टर किंवा इथली वायर लावा. स्विचचा अॅडॅप्टर असा आहे, पीएस४ असा आहे. नुसतं १०० किंवा १२० लिहिलं असेल तर थांबा.

मग तसा कन्सोल चालवायचा कसा?

दोन रस्ते. एक, स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतलं व्होल्टेज कमी करून देणारा. हातात घेतल्यावर वजनदार लागला पाहिजे, आत तांबं आणि लोखंड असतं. लेबलवरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. छोट्या जुन्या कन्सोलला ५० वॅटचा पण पुरतो, पण एक्सबॉक्स ३६० चा सुरुवातीचा पॉवर सप्लाय २०३ वॅटचा होता, त्याला ५० वॅटचा लावलात तर ट्रान्सफॉर्मरच जाईल. आणि प्रवासात हेअर ड्रायरसाठी म्हणून हलके फुलके कन्व्हर्टर मिळतात ते यासाठी वापरू नका, ते फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, त्यातून येणारी वीज इलेक्ट्रॉनिक्सला झेपत नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो : अॅडॅप्टरच इथला घ्यायचा. कन्सोलला शेवटी भिंतीतली वीज नको असते, त्याला अॅडॅप्टरमधून बाहेर येणारे ९-१० व्होल्ट हवे असतात. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पोलॅरिटी तीच, या तीन गोष्टी जुळल्या की झालं. पोलॅरिटी म्हणजे प्लगच्या मधल्या भागात प्लस आहे की मायनस, लेबलवर त्याचं छोटं चित्र असतं. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मध्ये मायनस लागतो आणि दुसऱ्या मॉडेलला मध्ये प्लस, नाव एकच असलं तरी.

अजून एक बारीक गोष्ट. जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिम भागात ६० ची आहे, त्यामुळे जपानी अॅडॅप्टर दोन्हीसाठी बनवलेले असतात. अमेरिकन जुन्या अॅडॅप्टरवर बऱ्याचदा फक्त ६० लिहिलेलं असतं, तो ५० हर्ट्झवर चालवला तर ट्रान्सफॉर्मर लावून सुद्धा नेहमीपेक्षा जास्त तापतो. तासन्‌तास चालू ठेवू नका.

एनईएसचा अॅडॅप्टर फॅमिकॉमला चालतो का? प्लग तर बसतोय.

बसतो म्हणूनच घोटाळा होतो. अमेरिकन एनईएसच्या अॅडॅप्टरमधून ९ व्होल्ट एसी येते, आणि तिचं डीसी करायची सोय एनईएसच्या पोटात आहे. फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम दोघांना थेट १० व्होल्ट डीसी लागते, मध्ये मायनस. एनईएसचा अॅडॅप्टर त्यांना लावलात तर आतले भाग जळतात. उलटं केलं तर एनईएस चालून जातो. घरात दोन्ही असतील तर अॅडॅप्टरवर पट्टी चिकटवून नाव लिहून ठेवा, माझ्याकडे सगळ्यांवर आहे.

वीज जमली, पण टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसतंय किंवा वर-खाली पळतंय.

हा एनटीएससी आणि पालचा झगडा. अमेरिका-जपान एनटीएससी, ५२५ ओळी आणि सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र. युरोप आणि बराच बाकी भाग पाल, ६२५ ओळी आणि ५० वेळा. टीव्हीला दुसऱ्याची रंगाची पद्धत कळली नाही की रंग जातो, आणि वेळ जुळली नाही की चित्र पळतं. पालच्या देशांत विकले गेलेले टीव्ही बहुतेक दोन्ही घेतात, अमेरिका-जपानमध्ये विकलेले बहुतेक फक्त आपलंच घेतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टिम नावाचं काहीतरी असेल तर ते ऑटोवर नाहीतर एनटीएससीवर करून बघा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

मूळचा फॅमिकॉम असेल तर अजून एक त्रास आहे, त्यातून फक्त अँटेनाच्या वायरने चित्र निघतं, ते पण जपानच्या चॅनेल १ किंवा २ वर आणि त्या फ्रिक्वेन्सी बाकी देशांच्या चॅनेल १-२ शी जुळत नाहीत. १९९३ चं नवीन मॉडेल घ्या, त्यातून साध्या एव्ही केबलने निघतं.

एचडीएमआय असलेल्या कन्सोलला हे सगळं लागू आहे का?

नाही. पीएस३ पासून पुढे किंवा ३६० च्या एचडीएमआयवाल्या मॉडेलपासून पुढे गेम्ससाठी याची काळजी सोडून द्या.

पालचे गेम्स हळू चालतात हे खरं आहे?

जुन्यांच्या बाबतीत खरं आहे, आणि मला यावर बोलायला आवडतं. पूर्वीचे बरेच गेम्स टीव्हीच्या ठोक्यावर चालायचे, एक चित्र म्हणजे गेममधलं एक पाऊल. ६० ठोक्यांसाठी लिहिलेला गेम ५० वर चालवला की सगळं सहावा हिस्सा हळू होतं, पळणं, उडी, संगीत सगळंच. त्यात पालला ओळी जास्त असल्यामुळे वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र दाबल्यासारखं दिसतं. काही कंपन्यांनी मेहनत घेऊन गेम पालसाठी नीट जुळवला, बऱ्याच जणांनी घेतली नाही. सोनिक एकदा पालवर आणि मग ६० हर्ट्झवर खेळून बघा, सुरुवातीची ट्यून ऐकल्या ऐकल्या फरक कळतो. लहानपणी पालवर खेळलेल्यांना ६० वालं फार घाईचं वाटतं, त्यांच्यासाठी तोच खरा वेग असतो आणि ते मला अगदी पटतं.

ड्रीमकास्टच्या काळापासून पालच्या बऱ्याच गेम्समध्ये सुरुवातीलाच ५० की ६० विचारायला लागले. विचारलं तर ६० निवडा.

नवीन टीव्हीला जुना कन्सोल लावला की चित्र घाण का दिसतं?

ते रीजनमुळे नाहीये. जुने कन्सोल २४० ओळींचं चित्र पाठवतात आणि सपाट टीव्ही त्याला ४८० चं अर्ध-अर्ध येणारं चित्र समजून पुसट करतो, काही टीव्ही तर सिग्नलच घेत नाहीत. जुना काचेचा टीव्ही मिळाला तर उत्तम, नाहीतर जुनं चित्र नव्या टीव्हीला कळेल असं करून देणारा रेट्रोटिंक किंवा ओएसएससी सारखा डबा मध्ये लावायचा. बंदुकीचे जुने गेम्स मात्र काचेच्या टीव्हीशिवाय चालतच नाहीत.

जपानी आरजीबी केबल आणि युरोपची स्कार्ट केबल सारखीच दिसते, वापरू का?

नका. टीव्हीला चित्र नेणाऱ्या या दोन्ही केबलचा प्लग एकसारखा २१ पिनांचा आहे पण आतलं पिनांचं वाटप वेगळं आहे. नशीब बरं असेल तर नुसतं चित्र येणार नाही, नसेल तर काहीतरी जळेल. सेकंड हँड केबल घेताना विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, आणि त्याला माहीत नसेल तर सोडून द्या.

जपानी गेम घेतला तर इंग्रजी असेल का?

गृहीत धरू नका. जुन्या जपानी कार्ट्रिजमध्ये जपानीच असतं. नव्या गेम्समध्ये कधी कधी सगळ्या भाषा एकाच डिस्कवर असतात आणि कन्सोलची भाषा बदलली की गेमची पण बदलते, पण तो प्रत्येक प्रकाशकाचा मामला आहे. डब्याच्या मागे भाषांची यादी असते ती वाचा. हाँगकाँग-सिंगापूर बाजूला निघणाऱ्या आशियाई आवृत्तीत बऱ्याचदा इंग्रजी असतं, आणि डबा जपानीसारखाच दिसतो, तेव्हा नीट बघून घ्या.

वयाच्या शिक्क्यावरून डबा कुठला ते लगेच ओळखता येतं. जपानचा सेरो (ए, बी, सी, डी आणि १८ वर्षांवरचा झेड), अमेरिकेचा ईएसआरबी, युरोपचा पेगी, जर्मनीचा यूएसके. आणि हे शिक्के नुसते शोभेचे नसतात, त्या त्या देशाच्या नियमात बसवायला गेममधून काही दृश्यं कापलेली असतात. जपानी आवृत्तीत रक्तपात कमी केलेला अनेकदा सापडतो. पूर्ण गेम हवा असेल तर हे आधी शोधा.

गोल बटण आणि फुलीचा गोंधळ काय आहे?

जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, शाळेच्या वहीत बाई मार्क देतात तसंच. म्हणून जपानी प्लेस्टेशनवर गोल दाबून "हो" आणि फुली दाबून "नको". बाकी जगात उलटं झालं. पीएस५ ला सोनीने सगळीकडे फुली म्हणजे "हो" करून टाकलं. जुने जपानी गेम्स खेळताना पहिले दोन दिवस मेनूमधून सारखे बाहेर पडाल, मग बोटांना सवय होते. सेव्ह करताना मात्र नीट बघून दाबा.

ऑनलाइन स्टोअर कुठल्या देशाचं उघडेल?

कन्सोल कुठून आणलाय यावर ते बहुतेक ठरत नाही, अकाउंटचा देश कोणता यावर ठरतं. निन्टेंडो अकाउंटचा देश बदलता येतो. एक्सबॉक्सचा पण येतो, साधारण तीन महिन्यांतून एकदा, आणि अकाउंटमधले पैसे नव्या देशात सोबत येत नाहीत म्हणून आधी खर्च करून टाका. प्लेस्टेशनचं अकाउंट मात्र ज्या देशाचं बनवलं त्याच देशाचं राहतं, म्हणून बनवताना दहा वेळा विचार करा. दुसऱ्या देशाचं स्टोअर हवं असेल तर वेगळं अकाउंट बनवा, एका पीएस४ किंवा पीएस५ वर अनेक अकाउंट राहतात आणि एकावर घेतलेला गेम त्याच मशीनवर दुसऱ्याने खेळता येतो, त्यासाठी तो कन्सोल त्या अकाउंटचा मुख्य कन्सोल करून ठेवावा लागतो. व्हीटाला हे सुख नाही, तिथे एका वेळी एकच अकाउंट, बदलायचं तर मशीन पुसून पुन्हा सुरुवात.

पैसे भरायला दुसऱ्या देशाचं कार्ड बऱ्याच स्टोअरमध्ये चालत नाही, मग त्या देशाचं गिफ्ट कार्ड घ्यावं लागतं, आणि गिफ्ट कार्ड पण अकाउंटच्या देशाचंच लागतं. कुठून घेताय ते बघा, वापरलेले कोड विकणारे खूप आहेत.

डिस्क चालतेय पण डीएलसी दिसतच नाहीये.

डिस्क एका देशाची आणि डीएलसी (गेमसाठी ऑनलाइन वेगळा घ्यायचा जादा भाग) दुसऱ्या देशाच्या स्टोअरमधून, असं झालंय. नाव सारखं असलं तरी कन्सोलच्या दृष्टीने ते दोन वेगळे गेम्स आहेत. नियम सोपा आहे, डिस्क ज्या देशाची त्याच देशाच्या अकाउंटवरून डीएलसी घ्या. पीएस३ च्या डब्याच्या कडेवर कोड असतो, बीएलयूएस म्हणजे अमेरिकन, बीएलईएस म्हणजे युरोपियन, बीएलजेएम किंवा बीएलजेएस म्हणजे जपानी. असाच कोड बाकी प्लेस्टेशनवर पण असतो. सीझन पास (पुढची डीएलसी एकदम आधीच घ्यायची सोय) असलेला मोठा गेम घ्यायचा असेल तर मी स्वतः बाहेरची डिस्क घेतच नाही, आपल्या अकाउंटच्या देशाचीच घेतो.

स्विच २ जपानमध्ये स्वस्त आहे म्हणे, आणू का?

आधी हे वाचा. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ची जपानमध्ये दोन मॉडेल्स आहेत. स्वस्त वालं फक्त जपानी भाषेचं आहे, मेनू जपानीत आणि अकाउंट पण ज्यांचा देश जपान आहे तेच जोडता येतात. सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलेन म्हणाल तर तो पर्यायच नाही. सगळ्या भाषांचं मॉडेल वेगळं आहे आणि ते महाग आहे. सोनीने पण जपानसाठी पीएस५ डिजिटल एडिशनचं असंच जपानी भाषेपुरतं मॉडेल काढलंय. ज्याला आणायला सांगताय त्याला मॉडेलचं नाव लिहून द्या, फोनवर सांगितलं की दुकानात गोंधळ होतो.

कन्सोल मोकळा आहे म्हणजे सिनेमाच्या डिस्क पण चालतील?

नाही, सिनेमाचं लॉक वेगळं असतं. डीव्हीडीचे रीजन आकड्यांनी, ब्लू-रेचे ए, बी, सी. गंमत म्हणजे डीव्हीडीत जपान युरोपसोबत रीजन २ मध्ये आहे आणि ब्लू-रेत अमेरिकेसोबत ए मध्ये. पीएस३ किंवा पीएस५ गेम्सना मोकळा असला तरी सिनेमा त्याच्या रीजनचाच घेतो. पीएसपीच्या छोट्या सिनेमा डिस्कना पण रीजन होतं.

मॉडचिप बसवणं कायदेशीर आहे का?

मॉडचिप म्हणजे लॉक चुकवायला कन्सोलमध्ये बसवलेली जादा चिप, आणि देशागणिक उत्तर बदलतं. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने असं लॉक तोडणाऱ्या साधनांच्या विक्रीवर बंदी आली. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाने २००५ मध्ये सोनीच्या केसमध्ये मॉडचिप विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, नंतर तिथला कायदा बदलला. जपानमध्ये २०१८ च्या शेवटी कायदा कडक झाला आणि कन्सोल मॉड करून देणं किंवा सेव्ह फाइल बदलून देण्याची सेवा विकणं यावर बंदी आली. आपल्या देशाचं बघून ठरवा. माझं मत विचाराल तर पैसे देऊन घेतलेला खरा जपानी गेम आपल्या घरात खेळणं यात मला काहीही वाईट दिसत नाही, पण ज्याला सोल्डरिंग येत नाही त्याने यात पडू नये, त्यापेक्षा एक जपानी कन्सोलच वेगळा घ्यावा, जुन्या मशीनचे बोर्ड नाजूक झालेत आणि एकदा तांब्याचा पट्टा उखडला की परत बसवणं अवघड जातं.

वॉरंटीचं काय?

बहुतेक वेळा ज्या देशात विकत घेतला तिथेच. बिघडला तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची तयारी ठेवा.

वायफाय सापडत नाहीये, बाकी सगळं चालतंय.

राउटरचा चॅनेल बघा. अमेरिकेत विकलेली बरीच उपकरणं फक्त १ ते ११ चॅनेल बघतात, तुमचा राउटर १२ किंवा १३ वर असेल तर नेटवर्क यादीतच येणार नाही. राउटर ६ किंवा ११ वर टाका.

जपानहून सेकंड हँड घेताना काय बघायचं?

विक्रीच्या वर्णनात "जंक" लिहिलं असेल तर तिथे त्याचा अर्थ तपासलेला नाही, परत घेणार नाही, असा असतो. कधी कधी तो पूर्ण चालू निघतो, पण बंद निघाला तर भांडायला जागा नाही. फॅमिकॉमच्या डिस्क सिस्टिममधला रबरी पट्टा वितळून चिकट झालेला असतोच असं धरून चाला, नवा पट्टा मागवून ठेवा. सेव्ह होणाऱ्या जुन्या कार्ट्रिजमध्ये बटणासारखी बॅटरी असते, ती संपलेली असणार. सॅटर्नमध्ये पण मागे झाकणाखाली एक आहे, ती तर हातानेच बदलता येते. जपानी विक्रेते फोटो फार प्रामाणिक टाकतात असा माझा अनुभव आहे, पिवळा पडलेला कोपरा पण जवळून दाखवतात, तेव्हा फोटो मोठा करून बघा. कस्टम ड्युटी आणि लिथियम बॅटरीचे कुरिअरचे नियम आधी विचारून घ्या, हँडहेल्ड असेल तर जास्तच.

पहिल्यांदाच बाहेरचा गेम घ्यायचाय, कुठून सुरू करू?

गेम बॉय अॅडव्हान्सपासून. लॉक नाही, टीव्ही नाही, पहिल्या मॉडेलला दोन साध्या सेल लागतात म्हणजे व्होल्टेजचा प्रश्नच मिटला. मदर ३ घेऊ नका लगेच, २००६ मध्ये फक्त जपानमध्ये निघाला, सुंदर आहे पण पानोपानी जपानी वाचावं लागतं. त्याच वर्षी आलेला रिदम तेंगोकु घ्या, तो पण जपानबाहेर विकला गेला नाही. त्यात तालावर बटण दाबायचं असतं, सुरुवातीच्या सरावात काय करायचं ते नुसतं बघून कळतं. माझ्या पुतण्याला जपानीचं एक अक्षर येत नाही, त्याच्या हातात दिला तेव्हा दहा मिनिटांत तो पायाने ठेका धरून खेळत होता, आणि मी स्क्रीन मागितली तर म्हणाला थांब काका, हे एक होऊ दे.